मला धूळ दाखवा!

कारखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात, एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ कमी करण्यासाठी मला पगार मिळायचा. किस्से कमी करा असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही, त्यामुळे ते साठतच गेले. आता आमच्या निवृत्त मंडळींच्या बैठकीत चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "साठे, तो मिशीचा सांगा ना!" दुसरा म्हणतो, "मिशीचा नको, बाटल्यांचा!" आणि आतून आमची ही ओरडते, "बाटल्यांचा जेवायच्या आधी नको हं!" तेव्हा आज एकदाच सगळे ओळीने सांगून टाकतो. ज्यांना जेवायचं असेल त्यांनी आधी जेवून घ्या.

गोष्ट साठ सालाच्या आसपासची, मद्रासची. गिंडीला मोटारीच्या बॅटऱ्या करणारा एक कारखाना होता. बॅटरीत शिशाच्या जाळ्या असतात. त्या जाळ्यांवर शिशाच्या करड्या भुकटीचा लगदा थापायचा, वाळवायचा, की झाली प्लेट तयार. थापण्याच्या या खात्याला सगळे 'पेस्टिंग' म्हणत. या भुकटीचा तांबडा सख्खा भाऊ म्हणजे शेंदूर. मारुती तो जन्मभर अंगावर थापून घेतो आणि त्याला काही होत नाही. पण मारुती चिरंजीव आहे, पेस्टिंगमधली माणसं नव्हती.

ही भुकटी नाकातोंडातून आत गेली की आधी पोटात मुरडा, मग चेहरा पांढराफटक, आणि शेवटी मनगट लुळं पडतं. हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. हे होऊ नये म्हणून कंपनीने 'इंडस्ट्रियल हायजीन प्रोग्रॅम' सुरू केला. म्हणजे काय केलं? तर पुण्याहून एक बी.एस्सी. केमिस्ट्री मागवला. तो मी!

पहिल्या दिवशी टाइमकीपरने माझं अपॉइंटमेंट लेटर वाचलं, 'हायजीन'पाशी थबकला, मला अदबीने कारखान्यातल्या झाडून सगळ्या संडासांवरून फिरवून आणलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सार, तुमचं डिपार्टमेंट!"

त्या किल्ल्या परत घ्यायला पुढे कुणीच तयार होईना. मी नोकरी सोडली तेव्हाही त्या माझ्याच खणात होत्या.

*

माझे वरिष्ठ म्हणजे कारखान्याचे डॉक्टर, डॉ. रामराव. मैलापुरात राहणारे तंजावरी मराठी. पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचे राहूनच गेले. डॉक्टर घरात मराठी बोलत, कारखान्यात तमिळ, साहेबांशी इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही एकदम. त्यांची मराठी जुनी, तमिळ सुरातली. मी समोर बसलो तर पहिला प्रश्न हा!

"पुण्याचे काय तुम्ही?"

"हो."

"मग भांडाला येत असेल. बरं झालं. भांडणारा मनुष्य एक पाहिजेच होता मज."

भांडायचं होतं जनरल मॅनेजर राघवन साहेबांशी. साहेब विलायतेत शिकलेले. मद्रासच्या मे महिन्यात टाय लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांची काचेची केबिन पेस्टिंगच्या बरोबर वर, लाकडी जिना चढून. कारखान्यातला एकुलता एक एअर कंडिशनर तिथे होता. बाहेरच्या भिंतीवर दुपारचं ऊन यायचं, मशीन तापून बिघडेल, म्हणून मेंटेनन्सच्या हुशार मंडळींनी ते सावलीच्या भिंतीत बसवलं होतं. सावलीची भिंत म्हणजे आतली, पेस्टिंगच्या बाजूची. त्यामुळे मशीनचं तोंड साहेबांकडे आणि पाठ आमच्याकडे. साहेबांच्या खोलीतली गरमी सगळी आमच्या डोक्यावर!

डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती. थापण्याच्या टेबलांवर पत्र्याचं धुराडं आणि त्यात हवा ओढून बाहेर फेकणारा मोठा पंखा. ते मागायला आम्ही वर गेलो. साहेबांनी शांतपणे आपल्या टेबलावरून बोट फिरवलं आणि ते आमच्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ. ते टेबल त्यांचा शिपाई सारखा पुसत असायचा, हे साहेबांना ठाऊक नव्हतं आणि शिपायाला सांगायचं नव्हतं.

"व्हेअर इज द डस्ट, डॉक्टर? शो मी द डस्ट! मला धूळ दाखवा, मी पंखा देतो."

"सर, जी धूळ घात करते ती इतकी बारीक असते की दिसत नाही."

"जी दिसत नाही तिच्यासाठी मी पंखा मागवू? आणि आपण त्यांना दूध देतो ना? मग झालं!"

डॉक्टर जिना उतरताना एकेका पायरीवर पाय आपटत होते. खाली आल्यावर म्हणाले, "देव दिसत न्हो, त्याला नारळ फोडतो हा मनुष्य. धूळ दिसत न्हो, तिला पंखा देत न्हो!"

*

आता दुधाचं सांगतो, कारण ते पुढे सारखं येणार आहे.

त्या काळी कारखान्याकारखान्यांत ठाम समजूत होती की दूध पोटातलं विष मारतं. पेस्टिंगमधल्या प्रत्येकाला रोज टंबलरभर दूध मिळायचं. डॉक्टर कानीकपाळी ओरडायचे, "दूध चांगलंच आहे, पण ते धुळीला अडवत नाही! हात धुवा, नाक झाका!" कोण ऐकतो? बरेच जण ते दूध पितही नसत. झाकणाच्या डब्यात ओतून घरी पोरांना नेत. पेस्टिंग सोडून दुसऱ्या खात्यात गेलं की दूध बंद, म्हणून पोटात मुरडा आला तरी कुणी हूं की चूं करायचा नाही.

एके दिवशी अकाउंट्सचे हेडक्लार्क माझ्यापुढे येऊन उभे राहिले. कानावर पेन्सिल.

"मिस्टर साठे, आमच्या खात्यालाही दूध पाहिजे."

"तुम्हाला कशाला?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे नाचवली. "लेड पेन्सिल! दिवसभर हातात. विचार करताना तोंडात!"

मी त्यांना समजावलं की पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, ते निरुपद्रवी. त्यांना पटेना. शेवटी डॉक्टरांनी निकाल दिला, "अकाउंट्सच्या पेन्सिली बंद! आजपासून सगळ्यांनी शाईने लिहायचं."

आठवड्याभरात हेडक्लार्क परत हजर.

"मिस्टर साठे, शाई विषारी असते असं ऐकतो!"

*

पेस्टिंगचे मुख्य होते नटेशन मेस्त्री. तिकडे फोरमनला मेस्त्री म्हणतात. काळासावळा उंच गडी, आणि ओठांवर अशी मिशी की माणूस वळला की मिशी मागाहून वळते असं वाटायचं. हा नटेशन दर शनिवारी संध्याकाळी मैलापूरला डॉक्टरांच्या घरच्या भजनात मृदंग वाजवायचा. डॉक्टर मराठी अभंग म्हणत, तमिळ बायका-पुरुष भक्तिभावाने टाळ्या वाजवत, आणि मी पुण्याचा एकटा कोपऱ्यात बसून घरच्या आठवणीने गहिवरून जायचो. अभंग संपल्यावर मिळणाऱ्या सुंडलसाठीही जायचो, म्हणजे ते भिजवलेल्या हरभऱ्यांचं खोबरं घातलेलं, हिंगाच्या फोडणीचं. खोटं कशाला सांगू?

एका शनिवारी ऐन रंगात आलेला अभंग डॉक्टरांनी मध्येच थांबवला.

"नटेसा, उजवा हात उशिरा येतो तुझा."

"तुम्ही लय वाढवली, सामी."

"लय माझी आहे, मला ठाऊक आहे. हात पुढे कर."

भर भजनात, देवासमोर, सगळ्यांच्या देखत नटेशनने दोन्ही हात पुढे केले. डावा सरळ राहिला. उजव्याची मधली दोन बोटं जराशी खाली आली. इतकी जराशी की डॉक्टरांनी दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं. मला एकदम भीती वाटली. तोवर शिशाचं विष मी पुस्तकात वाचलं होतं, आता ते ओळखीच्या माणसाच्या बोटांत बसलेलं दिसलं.

"उद्यापासून पॅकिंगला जायचं," डॉक्टर म्हणाले. "धुळीपासून दूर राहिलास तर हात परत येईल. नाही राहिलास तर मृदंग विसर."

नटेशनने मृदंगाला खोळ घातली, मग बोलला. "मी पॅकिंगला गेलो की माझ्या टेबलाशी दुसरा येणार. त्याचा हात काय लाकडाचा, सामी? पंखा आणा. त्याच दिवशी जातो."

डॉक्टर त्याला तमिळमध्ये काय काय बोलले ते मला कळलं नाही, बायका उठून आत गेल्या एवढं कळलं. नंतर मला पोचवायला दारापर्यंत आले तर डोळे पुसत होते. "मूर्ख आहे. असा मृदंगवाला मज पुन्हा मिळेल की न्हो, सांगा तुम्ही!"

तेव्हापासून आमच्या अख्ख्या हायजीन प्रोग्रॅमचा अर्थ एकच उरला. पंखा येईपर्यंत नटेशनचा हात टिकवायचा.

*

पहिला उपाय, हात धुणे. नळ बसवले, साबण ठेवले, जेवणाआधी हात धुवायचा हुकूम काढला. मी पहारा करायला उभा. बघतो तर प्रत्येक जण उजवा हात कोपरापर्यंत लखलखीत धुतोय आणि डावा जसाच्या तसा करडा!

"मेस्त्री, डावा का नाही धुतला?"

"डावा हात जेवत नाही, सार."

एवढं बोलून नटेशनने कमरेची विडी काढून डाव्या हाताने ओठांत धरली.

"आणि ही विडी?"

"विडी म्हणजे जेवण नव्हे, सार. उपासालाही चालते!"

*

दुसरा उपाय, नाकावर फडकं. चांगल्या मलमलीचे दुहेरी मास्क शिवून घेतले. सोमवारी वाटले आणि आठवडा संपायच्या आत सगळे गायब! ज्याला विचारावं तो म्हणे धुवायला टाकलंय.

त्याच सुमारास कॅन्टीनच्या कॉफीला चव आली. कॅन्टीन चालवायचे मणी अय्यर. गोल, गोड आणि घामाघूम माणूस. डॉक्टर कॉफीच्या बाबतीत फार चोखंदळ. घोट घेतला आणि खूश झाले.

"मणी, आज डिकॉक्शनमध्ये चुऱ्याचा एक कण नाही! काय केलंस?"

"नवीन फडकं मिळालंय, सामी," मणी अय्यर फुलून म्हणाले. "दुहेरी आहे. आणि भांड्याला बांधायला नाड्यासुद्धा आहेत!"

मी हातातला टंबलर हळूच खाली ठेवला. डॉक्टरांनी टंबलरकडे पाहिलं, उरलेली कॉफी शांतपणे संपवली आणि मला म्हणाले, "एक तर सिद्ध झालं, साठे. गाळतं चांगलं."

*

तिसरा उपाय, मिशी.

कापडी मास्कचा असा निकाल लागल्यावर डॉक्टरांनी कुठून तरी रबरी मास्क पैदा केला. एकच मिळाला, तो अर्थात नटेशनला. पण रबर गालाला घट्ट बसायला हवं, आणि मध्ये मिशी! दोन्ही बाजूंनी हवा आत. डॉक्टर म्हणाले, मिशी काढ. नटेशन म्हणाला, मान काढा.

खूप घोळ झाला. शेवटी नटेशनची आई मध्ये पडली. म्हणाली, पोराचा हात बरा व्हावा म्हणून मी तिरुपतीला त्याच्या केसांचा नवस बोलले आहे. त्याला रजा द्या. डॉक्टरांना आनंदाचं भरतं आलं! देवाच्या दारी न्हावी वस्तरा फिरवणार म्हणजे डोकं आणि तोंड एकदमच साफ. त्यांनी स्वतः राघवन साहेबांपुढे उभं राहून रजा मंजूर करून आणली. कारण लिहिलं, 'मेडिकल ट्रीटमेंट'!

नटेशन परत आला त्या सकाळी डॉक्टर रबरी मास्क हातात घेऊन गेटवरच उभे. लांबून डोकं दिसलं. तुळतुळीत, चंदन फासलेलं. डॉक्टर हसले. नटेशन आणखी जवळ आला.

मिशी जागच्या जागी! उलट टक्कल झाल्यामुळे दुप्पट मोठी दिसत होती.

"अरे, देवाला सगळं द्यायचं होतं ना?"

"आई केस बोलली होती, ते दिले," नटेशनने डॉक्टरांच्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला. "मिशी देवानेसुद्धा मागितली नाही, सामी. ती कंपनीला कशी देऊ?"

*

आता बाटल्या. जेवण झालं ना सगळ्यांचं?

डॉक्टरांनी ठरवलं की धूळ दिसत नाही तर नाही, पण माणसांच्या अंगात शिसं किती गेलंय ते तर दाखवता येईल. लघवी तपासायची. साहेबांच्या तोंडावर रिपोर्ट मारायचा आणि पंखा घ्यायचा! पेस्टिंगमध्ये बाटल्या वाटल्या. संध्याकाळी सगळ्या भरून परत आल्या, नावं चिकटवलेली, अगदी शिस्तीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. नुंगंबाक्कमच्या एका लॅबोरेटरीकडे त्या रवाना झाल्या.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचला आणि खुर्चीत बसले. शिसं कुणाच्याच अंगात नाही. मात्र सगळ्यांच्या लघवीत साखर! नुसती नाही, भरपूर.

"साठे, पेस्टिंगला सामुदायिक मधुमेह झाला," डॉक्टर म्हणाले आणि तरातरा खाली गेले.

सगळ्यांना ओळीने उभं केलं. ज्याला शिसं निघेल त्याची बदली होणार, दूध जाणार, एवढं गणित प्रत्येकाने केलं होतं. सगळे छताकडे बघत होते. नटेशन मिशी चावत होता.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बदलीचं नंतर बघू. पण या बाटल्यांतला माणूस कोण आहे? त्याला आजच्या आज औषध सुरू झालं नाही तर त्याचं काही खरं नाही."

मागून काहीतरी खळ्ळकन पडलं. कॅन्टीनचे मणी अय्यर! हातातली थाळी खाली, डोळ्यांत पाणी.

"सामी, मी वाचेन ना?"

"तू? आणि इतक्या बाटल्या?"

"मला काय माहीत, सामी! त्या दिवशी सकाळपासून जो तो मला बोलावून बोलावून कॉफी पाजत होता. मला वाटलं, प्रेमाने पाजतायत!"

मणी अय्यर औषधाने आणि पथ्याने चांगले खणखणीत झाले. आमच्या हायजीन प्रोग्रॅमने तोवर वाचवलेला तो पहिला माणूस, आणि तो पेस्टिंगचा नव्हताच. साहेबांना मात्र रिपोर्टातली पहिली ओळ तेवढी आवडली. "सी, डॉक्टर? नो लेड!" आणि पंखा पुन्हा लांबला.

*

नटेशनचा हात मात्र वाट बघायला तयार नव्हता. शनिवारी तो मृदंगावर डाव्याने जोर करून उजव्याची कसर झाकायला लागला. डॉक्टर मुद्दाम संथ अभंग म्हणायला लागले. दोघंही एकमेकांना फसवत होते आणि दोघांनाही ते कळत होतं. एकदा कॅन्टीनमध्ये त्याच्या उजव्या हातातून कॉफीचा टंबलर निसटला. कुणी हसलं नाही. त्यानंतर तो डाव्या हाताने कॉफी प्यायला लागला, आणि मद्रासी माणसाने डाव्या हाताने खाणंपिणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळेल.

मग नवरात्र आलं. तिकडे नवमीला आयुधपूजा असते. कारखान्यातली सगळी यंत्रं बंद ठेवून धुवायची, त्यांना गंध-कुंकू लावायचं, हार घालायचे, कोहळा फोडायचा आणि सांब्राणीचा धूर करायचा. आपल्याकडे ऊद घालतात ना, तोच. दर वर्षी चिमूटभर सांब्राणीत भागायचं. त्या वर्षी डॉक्टर मैलापूरहून टॅक्सीने आले आणि टॅक्सीतून एक पोतं उतरवलं.

नटेशनने पोत्यात हात घालून पाहिलं. "सामी, एवढी सांब्राणी?"

"देवी मोठी आहे," डॉक्टर म्हणाले. "थापायच्या टेबलांवर निखारे ठेव. बरोबर तिथे, जिथे तू रोज उभा राहतोस."

मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "वर जाऊन पाहून या. साहेबांचं मशीन चालतं की न्हो?"

मशीन चालू होतं. साहेब मुहूर्ताची वाट बघत केबिनमध्ये थंड हवेत बसले होते. नवा सिल्कचा टाय. मी खाली येऊन मान डोलावली.

सगळी यंत्रं बंद, त्यामुळे कारखाना कधी नव्हे इतका शांत. वरच्या एअर कंडिशनरची तेवढी घरघर. नटेशनने सांब्राणीची पहिली ओंजळ टाकली. पांढरा धूर टेबलावरून उठला, आम्हा सगळ्यांच्या नाकांवरून गेला, छपराच्या झरोक्यांकडे जाईल म्हणून आम्ही बघतोय तर अर्ध्या वाटेत वळला आणि एअर कंडिशनरच्या पाठीत, ताजी हवा ओढायच्या फटीतून, सरळ आत! नटेशनने दुसरी ओंजळ टाकली. तिसरी टाकली. डॉक्टर म्हणत होते, "आणखी, नटेसा, आणखी! देवीला कमी पडू देऊ नकोस!"

काचेमागे आधी साहेबांचे पाय दिसेनासे झाले, मग टाय, मग साहेब.

दार धाडकन उघडलं. साहेब नाकाला रुमाल लावून खोकत खोकत जिन्यावर आले. "डॉक्टर! व्हॉट इज धिस?"

डॉक्टर हातात कापराची थाळी घेऊन उभे होते. त्यांनी ती साहेबांच्या दिशेने एकदा ओवाळली.

"डस्ट, सर. तुम्ही दाखवायला सांगितली होती. आज धूर आहे म्हणून वाट दिसली. रोज दिसत नाही, येते मात्र याच वाटेने."

साहेबांनी टेबलांकडे पाहिलं, एअर कंडिशनरच्या पाठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि सगळ्या कामगारांच्या देखत, जिन्यावर उभ्या उभ्या, दोन्ही हात पुढे केले.

"डॉक्टर, उजवा... जरा खाली वाटतो का?"

डॉक्टर जिना चढले. साहेबांचं मनगट हातात घेऊन खूप वेळ निरखत राहिले. तेवढी गरज मुळीच नव्हती.

"आत्ता सांगता येत नाही, सर," ते म्हणाले. "पंखा किती लवकर येतो त्यावर आहे."

*

पंखा विलायतेहून आणावा लागला नाही, गिंडीतल्याच एका वर्कशॉपने बनवला. दिवाळीच्या आत धुराड्यासकट बसला. चालू झाला त्याच दिवशी नटेशनने मिशीला पीळ दिला आणि पॅकिंगला गेला. तिथे दूध नव्हतं, धूळही नव्हती. पेस्टिंगवाल्यांनी नव्या बाटल्या आपापल्या भरल्या, ज्यांची बदली झाली त्यांचं दूध डॉक्टरांनी भांडून चालू ठेवलं. माझं पुणेरीपण तिथे कामाला आलं. नटेशनचं दूध मात्र नटेशननेच नाकारलं. म्हणाला, "पॅकिंगवाले बघत राहणार आणि मी पिणार? जमणार नाही."

त्याचा हात सावकाश येत होता. डॉक्टरांनी दुसरा मृदंगवाला आणला नाही. वर्षभर शनिवारचं भजन नुसत्या टाळ्यांवर चाललं आणि नटेशन त्यांच्या शेजारी बसून डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा.

आणि मणी अय्यरांनी एक दिवस मला कोपऱ्यात गाठून कानात सांगितलं, "सार, रोज एक टंबलर दूध वरच्या केबिनला जातं. झाकून न्यायचं, डॉक्टरांना कळू द्यायचं नाही, असा हुकूम आहे!"

डॉक्टरांना कळलं होतंच. कारखान्यात काय लपतं? पण ते म्हणाले, "पिऊ द्या. साय काढू नका सांगा."

वर्ष फिरलं, पुन्हा आयुधपूजा. या खेपेला चिमूटभरच सांब्राणी. पूजेचा मान नटेशनचाच, म्हणून तो पॅकिंगमधून आला होता. धूर टेबलावरून उठला आणि सरळ धुराड्यात गेला. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, तेवढ्यात मणी अय्यर झाकलेला टंबलर घेऊन जिन्याकडे निघाले.

"थांबा, अय्यर," नटेशन म्हणाला. "मी नेतो."

त्याने वरचं झाकण काढून ठेवलं. दूध काठोकाठ. टंबलर उजव्या हातात घेतला, हात पुढे सरळ धरला आणि जिना चढायला लागला. पेस्टिंगमधला एकूण एक माणूस त्या मनगटाकडे बघत होता. डॉक्टरांच्या हातात कापूर जळत होता आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

एक थेंब सांडला नाही.

साहेबांनी दार उघडलं. टंबलर बघून आधी ओशाळले, मग खाली डॉक्टर उभे दिसले तसे आणखी ओशाळले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "काय मेस्त्री, हात बरा झाला वाटतं?"

नटेशनने टंबलर त्यांच्या हातात दिला. उजव्या हाताने मिशीला पीळ भरला आणि मान वळवून खाली डॉक्टरांकडे बघत, सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"एकदम बरा, सार! सगळी दुधाची कृपा!"